मागचं चाक हवेत

दर रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये मोटरसायकलची चेन साफ करतो. गाडीला मधला स्टँड नाही, त्यामुळे इतकी वर्षं माझी बायको सुनंदा ती साइड स्टँडवर कलती धरायची. मागचं चाक बोटभर उचललं जाई आणि मी ते फिरवत चेनवर ब्रश मारी. "नीट धर गं," एवढंच माझं बोलणं. ती मात्र आठवडाभराचं सगळं सांगायची.

गेल्या महिन्यात मी लोखंडी स्टँड आणला. दांडा दाबला की मागचं चाक अलगद वर. आज ते कितीतरी वेळ गरगरत राहिलं, अगदी सुरेख. सोयीची वस्तू घरात आली की कुणाला तरी हाक मारायचं एक कारण कमी होतं, हे तेव्हा जाणवलं.

वर जाऊन म्हटलं, "खाली येतेस?"

"आता काय धरायचंय? आहे ना तुमचा स्टँड!"

"स्टँड बोलत नाही. तुझं बोलणं मला आवडायचं. कधी सांगितलं नाही, चुकलंच माझं."

"अगंबाई! मला वाटायचं, तुम्ही ऐकतच नाही."

ती खाली येऊन पायरीवर बसली. मी चाक फिरवलं.

"ब्रश नीट धरा हो," ती म्हणाली, आणि शेजारच्या नव्या सुनेपासून तिने सुरुवात केली.