फुली मारलेले शब्द

"भरला म्हणजे किती भरला?"

चहावाल्यानं "सर, फुल्ल हाय की ओ" म्हणत कप पुढं केला की सर हटकून हे विचारायचे. मग खाली वाकून कपाच्या कडेला डोळा लावायचे. "हा काठोकाठ नाही. बोटभर कमी आहे." चहावाला कपाळाला हात लावून निघून जायचा. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात तुम्ही कधी आला असाल, तर तुम्हालाही त्यांनी गाठलं असणार. गाडीत पेट्रोल भरून आलेल्या माणसालासुद्धा ते सोडायचे नाहीत.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. आमच्या मालकांचा पुस्तकं छापायचा धंदा. त्यांनी सरांना एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश सुधारायला दिला, आणि सरांच्या अक्षरातला मजकूर संगणकावर टाइप करायचं काम माझ्याकडं आलं. कितीतरी वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती. सरांचा एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या मार्गावर. तो आहे तोवर कोश छापलेला बघायचा, एवढाच त्यांचा ध्यास.

त्यातही त्यांचा जीव अडकला होता तो भरण्याच्या जुन्या इंग्रजी शब्दांत. इम्प्लीट, टॉपफुल, ऑपिलेट, सॅजिनेट. मी म्हणायचे, "सर, हे कुणी बोलतं तरी का आता?"

"नाही बोलत. पण कुणाला एखादा जुन्या पुस्तकात भेटला, तर त्यानं कुठं जायचं, बाई? मराठीत ह्यांना दुसरं घर नाही."

अर्थ लिहायची त्यांची तऱ्हा वेगळी. दुसऱ्या कोशातला अर्थ उचलायचा नाही. शब्द घेऊन बाजारात जायचं आणि ते काम करणाऱ्याच्या तोंडून मराठी शब्द आणायचा. टॉपफुलसाठी ते लक्ष्मीपुरीत धान्य मापणाऱ्या मावशींसमोर जाऊन बसले आणि 'शिगोशीग' घेऊन आले. सॅजिनेट म्हणजे खाऊ घालून घालून पुष्ट करणं. त्यासाठी तालमीत गेले. तिथले वस्ताद म्हणाले, "सर, खायाला घालणं येगळं आन् अंगी लावणं येगळं." सर परत आले ते रिक्षातून उतरतानाच ओरडत, "बाई, अंगी लावणं! टाका, टाका!" त्या दिवशी सगळ्या ऑफिसला त्यांनी मिसळ खाऊ घातली. कटासाठी दोनदा भांडले, ते वेगळंच.

अशा प्रत्येक जुन्या शब्दापुढं ते क्रुसासारखी एक बारीक खूण करायला लावायचे. आम्ही तिला फुली म्हणायचो. फुली म्हणजे हा शब्द आता चालत नाही. कोशांत तशी रीतच आहे. कधी कंटाळून मी म्हणायचे, "राहू दे की सर, एका फुलीनं काय बिघडतंय?" तर चष्म्यावरून बघायचे. "गेलेला माणूस 'आहे' म्हणून सांगायचं नाही, बाई. वाचणारा फसतो." एक फुली सुटली म्हणून छापायला निघालेलं पान त्यांनी माझ्याकडून परत काढून घेतलं होतं.

काम पुरं झालं. मी चुलतभावाच्या लग्नाला राधानगरीला गेले. परत आले तर मालक खुशीत. "ताई, पुस्तक केवढं जाड हुतं ओ! हलकं केलं बघा." संगणकात फुली शोधायची, ज्या नोंदीला फुली ती अख्खी नोंद उडवायची. एवढं काम त्यांनी स्वतः बसून एका सकाळीत उरकलं होतं. मोकळ्या झालेल्या काही पानांवर नोकरीच्या मुलाखतीतले प्रश्न आणि अर्जांचे नमुने. मूळ फाइलवरच सगळं सेव्ह केलेलं. सरांचे हातानं लिहिलेले कागद 'टाइप झालंय की सगळं' म्हणून रद्दीत. आणि मजकूर छपाईला गेलासुद्धा.

मी भांडले. अगदी शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघतील असं भांडले. मालक शांतपणे म्हणाले, "सरांनीच फुल्या मारल्यात न्हवं? चालत न्हाईत म्हणून त्यांनीच लिवलंय. आन् परीक्षेला येतंय व्हय त्यातलं काय?" ह्या माणसाला काय बोलावं? त्याला आपण काय केलंय हेच कळलं नव्हतं, आणि आजही कळलेलं नाही.

सरांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. प्रकाशनाच्या दिवशी ते पहिल्या रांगेत, हातात भिंग. पाहुणे बोलत होते आणि सर पानं उलटत होते. एका जागी थांबले. मग दुसऱ्या. मग भिंग खिशात ठेवलं. शाल आणि नारळ घेतला, फोटोला उभे राहिले, बोलायला मात्र नको म्हणाले. जिन्यात मला म्हणाले, "फुल्या मारल्या नसत्या, तर मालकांना ते शब्द सापडलेच नसते, नाही का?"

मला रडू आलं. खरेपणानं काम केलं म्हणून एवढी शिक्षा? लबाडी केली असती तर सगळे शब्द वाचले असते!

पावसाळ्यात सरांना मेंदूचा झटका आला. कळंब्याला त्यांच्या घरी गेले, तेव्हा सूनबाई दारातच म्हणाल्या, "अलीकडचं काही आठवत नाही त्यांना. तो समारंभसुद्धा नाही." मला ओळखलं मात्र त्यांनी. उशाशी तोच कोश होता.

"बाई, गादीत कापूस ठासणारा तो माणूस आठवतो? त्याच्याकडून आपण शब्द आणला होता. त्याचा इंग्रजी शब्द काही केल्या आठवेना. एसवरून आहे, स्टफ नव्हे, जुना फुलीवाला. जरा बघा."

मलाही आठवेना. सवयीनं मी कोश उचलला, एस काढला आणि मग माझे हात थांबले.

सर माझ्याकडं बघत होते, लहान मुलासारखे.

"सापडला का?"

"बघते, सर," मी म्हणाले आणि पान उलटलं. मग पुढचं उलटलं. त्यांना झोप लागेपर्यंत मी एसची पानं उलटत बसले. त्यानंतरच्या आठवड्यात सर गेले.