अण्णांचं ‘आलोच’

एखादा माणूस गावात जन्मभर बोलत राहिला की त्याचे किस्से उसाच्या खोडव्यासारखे फुटत राहतात. एक सांगून संपवावा, तर त्याच्या बुडातून दुसरा वर आलेला असतो!

आमचे भूपालअण्णा सकाळी गावच्या कम्युनिटी रेडिओवर निवेदक आणि दुपारी नगरपालिकेत नगरसेवक. मी त्याच रेडिओचा इंजिनिअर. कराडच्या कॉलेजातून रीतसर डिग्री घेऊन आलोय, पण अण्णा मला शेवटपर्यंत ‘वायरमन’च म्हणाले. आता अख्खं गाव म्हणतं.

अण्णा गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या आवाजातलं एक वाक्य मात्र आमच्या मशीनमध्ये अजून आहे. ते ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला आम्ही कितीदा तरी स्टुडिओत बसलो. चहा येतो, कुणीतरी म्हणतं, ‘अण्णांचं ते आठवतंय का रे?’ आणि मीटिंग तिथंच संपते!

*

अण्णा पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हाची गोष्ट.

त्याआधी गावात कुणीही उभं राहो, प्रचाराच्या रिक्षातला आवाज अण्णांचाच असायचा. या खेपेला विरोधात उभ्या असलेल्या शिवाजीरावांकडे मागच्या खेपेचं रेकॉर्डिंग तसंच पडून होतं. त्यांनी नवीन करायचा कंटाळा केला आणि तेच लावून रिक्षा सोडली. वॉर्डभर अण्णांचा खणखणीत आवाज घुमायला लागला, ‘आपल्या हक्काचा माणूस, शिवाजीराव! प्रचंड मतांनी विजयी करा!’

बायका अण्णांच्या दारात गोळा झाल्या. ‘आवं अण्णा, तुमी सोताच सांगताय शिवाजीरावला मत द्या म्हनून! आमी करायचं काय?’

कार्यकर्ते पेटले. तक्रार करू, रिक्षा अडवू, असं सुरू झालं. अण्णा शांतपणे सुपारी कातरत बसले होते.

‘कशाला अडवताय रं? रिक्षा त्येंची, पेट्रोल त्येंचं, आन् आवाज माजा. फिरू दे की गड्या!’

अण्णा निवडून आले. हार घालायला आलेले शिवाजीराव सगळ्यांदेखत म्हणाले, ‘पुढल्या येळंला आमाला दुसरा आवाज बघाय लागंल!’

*

नगरपालिकेत गेले तरी अण्णांमधला निवेदक काही सुटला नाही. कुणी बोलता बोलता थांबलं की ते अस्वस्थ व्हायचे. रेडिओवर शांतता पसरली की ऐकणारा बटण फिरवतो, ही भीती त्यांच्या अंगात मुरलेली होती.

एकदा वॉर्डात नळाला पाणीच येईना. सभेत पाणीपुरवठ्याच्या साहेबांना कारण विचारलं. साहेब नुसते फायली चाळत बसले. सभागृह चिडीचूप! अण्णांना काही ते सोसेना. त्यांनी माइक ओढला आणि थेट रेडिओवरच्या निवेदनाचा सूर लावला.

‘साहेब विचार करत आहेत, श्रोतेहो! तोपर्यंत ऐकूया, आपल्या वॉर्डातील भगिनींचं मनोगत.’

आणि मोबाइल माइकला लावला. त्यात वॉर्डातल्या बायका साहेबांचा उद्धार करत होत्या! साहेब उठून उभेच राहिले. ‘अण्णा, बंद करा! उद्या सकाळी पाणी येईल!’

अण्णा म्हणाले, ‘धन्यवाद साहेब. वेळ सांगितली तर सकाळच्या कार्यक्रमात घेता येईल.’

साहेबांनी वेळ सांगितली. पाणी त्या वेळेला आलं.

*

माइकवर शुद्ध बोलणारे अण्णा माइक बंद झाला की घरचं बोलायचे, आणि घरी त्यांचा एक शब्द ठरलेला होता, ‘आलोच!’ चपला घालताना म्हणायचे आणि वाटेत कुणी गटार दाखवायला, कुणी दाखल्यावर सही मागायला धरायचं. सुशीलाकाकू, त्यांची बायको, म्हणायच्या, ‘ह्यांचं आलोच म्हंजे दोन तास. मी भाकरी त्या हिशोबानंच टाकती.’

थोरल्या लेकीला बघायला साताऱ्याचे पाहुणे आले होते. मुलाचे वडील रिटायर्ड सुभेदार, वेळेचे एकदम पक्के. अण्णा ‘आलोच’ म्हणून पेढे आणायला बाहेर पडले. वाटेत कुणाच्या तरी भिंतीचं भांडण निघालं, ते मिटवत बसले. दिवेलागणीला पेढे घेऊन घरी आले, तर पाहुणे जाऊनसुद्धा बराच वेळ झालेला!

‘काय झालं गं?’

‘पसंती झाली,’ काकू म्हणाल्या. ‘सुभेदारसाहेब म्हनत हुते, मुलीचे वडील बघायचे राहिले. मी म्हटलं, सकाळी मोबाइलवर रेडिओ लावा!’

*

आता त्या मशीनमधल्या वाक्याविषयी.

कृष्णेला मोठा पूर आला तेव्हा आमचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर असल्यामुळे वाचला. अण्णा तिथेच मुक्कामाला. कुठल्या शाळेत कोण पोचलंय, कुणाची म्हैस कुठं बांधलीय, बोट कुठल्या गल्लीत निघालीय, सगळं सांगत होते. बातमी संपली की तीच पुन्हा सांगत. पण बोलणं थांबवलं नाही.

पाणी ओसरल्यावर खालच्या गल्लीतली एक म्हातारी स्टुडिओत आली. ती गच्चीवर अडकून पडली होती आणि सोबतीला फक्त एक रेडिओ होता. आली ती अण्णांवर डाफरतच.

‘तुमी मदीच गप झाला हुता! मला वाटलं, फुटला वरचा बंधारा, आता आपलं काय खरं न्हाई. माजा जीव गेला हुता की!’

‘आजी, पानी प्यायला उठलो हुतो हो.’

‘पानी काय कमी हुतं व्हय भवतीनं?’

सगळे हसलो. अण्णा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, ‘वायरमन, आसं काय तरी कर, की मी गप झालो तरी रेडिओ गप व्हायला नको.’

मग मी मशीनला एक जोड दिली. थोडा वेळ आवाज गेला नाही, की अण्णांचं रेकॉर्ड केलेलं वाक्य आपोआप लागायचं.

तेच हे वाक्य. अण्णा गेल्यावर आमच्या रेडिओचे अध्यक्ष म्हणाले, ‘गेलेल्या माणसाचा आवाज असा अचानक लागला तर लोक दचकतील. शिवाय काकूंना काय वाटेल? काढून टाका.’ त्यांचं चुकत नव्हतं. पण मी मशीनपुढे बसलो, ते वाक्य एकदा ऐकलं आणि माझा हात काही पुढे जाईना. रडलो, खरं सांगतो. शेवटी शोकसभा झाल्यावर काढायचं ठरलं.

*

शोकसभा नगरपालिकेच्या सभागृहात होती, रेडिओवर थेट प्रक्षेपण. पाय ठेवायला जागा नव्हती. शिवाजीराव, पाणीपुरवठ्याचे साहेब, साताऱ्याहून सुभेदार, सगळे आलेले. काकू पुढच्या रांगेत होत्या. अण्णा गेल्यापासून त्या कुणाशी धड बोललेल्या नव्हत्या, की जेवलेल्या नव्हत्या.

भाषणं झाली. अध्यक्ष म्हणाले, ‘दोन मिनिटं शांत उभं राहूया.’

एरवी अशा वेळी कुणीतरी खोकतं, कुणाचा तरी फोन वाजतो. अण्णांसाठी कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मला एकदम आठवलं. मशीन!

समोरच्या चहाच्या गाड्यावर रेडिओ मोठ्यानं लावलेला होता. खिडकीतून तो ओळखीचा, खणखणीत आवाज आत आला.

‘श्रोतेहो, जरा अडचण आलीय. घाबरू नका, रेडिओ बंद करू नका. आलोच मी!’

अख्खं सभागृह दाराकडे बघायला लागलं.

अध्यक्ष पांढरेफटक पडले. माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले, ‘वायरमन, पळा! काढा ते आधी!’

मी निघालो, तेवढ्यात काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि खांदे हलवत हसायलाच लागल्या.

‘काडतंय कोन?’ त्या मागं वळून म्हणाल्या. ‘येतो म्हनालेत न्हवं? बसा समदी खाली. ह्यांचं आलोच म्हंजे अजून दोन तास धरा!’