छातीला भोक पाडायला मी होकार दिला

मंडळी, आज सकाळी दवाखान्यात एका माणसाच्या छातीला नळी लावलेली पाहिली आणि १९८३ सालचं सगळं डोळ्यांपुढे आलं.

तेव्हा तुमसरच्या राइस मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी माझ्या नवऱ्याच्या अंगावर कोसळली. ट्रकमध्ये घालून यांना भंडाऱ्याला नेलं. श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते.

डॉक्टर म्हणाले, "छातीला भोक पाडून नळी घालावी लागेल. सही करा."

मी म्हटलं, "बरगड्या तर मोडल्याच, आता भोक कायले पाडता?"

"फुफ्फुसाबाहेर हवा अडकली आहे. ती काढली नाही तर हे वाचणार नाहीत."

मला काहीच कळेना. हवेशिवाय माणूस मरतो एवढंच मला ठाऊक होतं, आणि हे तर हवाच काढायला निघाले होते! तरी मी सही केली.

थोड्या वेळाने यांचा श्वास संथ झाला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काहून रडून राहिली?"

आत्ता हे अंगणात पेपर वाचत बसलेत. पण तेव्हा मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला की नुसती घाबरले होते, ते मला अजून सांगता येत नाही. तुम्ही कधी असा न समजता होकार दिला आहे का?