जयवंतने करून दिलेली ओळख

जयवंत पालव मूळचा कणकवलीकडचा. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली आणि दोन वर्षं ठोकरा खाऊन तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. संपाच्या दिवसांत घरी बायको सुगंधा, दोन लहान पोरं; चूल पेटली नाही की शेजारच्या खोलीतली शांताबाई झाकलेलं पातेलं घेऊन यायची. "आमच्यात जास्त झालंय," एवढंच म्हणायची. जालन्याकडची बौद्ध बाई, नवरा वारलेला. चार घरची धुणीभांडी करून ती मुलाला, भीमराजला शिकवत होती. तिच्यात जास्त कधी होत नसे, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

नोकरी लागल्यावर जयवंत दर मंगळवारी सुट्टी घेऊन टेकडीवरच्या गणपतीला सेवेला जाऊ लागला. छातीला बिल्ला लावायचा, रांग सांभाळायची, घुसणाऱ्यांना मागे काढायचं. मोटारीतून उतरलेली माणसंसुद्धा "साहेब, जरा लवकर होईल का?" म्हणून त्याला विचारायची. ते त्याला फार आवडायचं.

त्या वर्षीच्या अंगारकीला रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. दुपारी शांताबाई बांबूच्या कठड्याखालून वाकून थेट त्याच्यापुढे आली. पदर खोचलेला, धाप लागलेली. "जयवंता, अरे..."

देवस्थानचे चिटणीस चंद्रप्रकाशशेठ शेजारीच उभे होते. "रांग सोडून कुठे घुसते ही? कोण आहे?"

"आमच्याकडची धुणीभांडीवाली," जयवंत बोलून गेला. आणि तिला म्हणाला, "बाई, मागे व्हा. बाहेर थांबा."

शांताबाईने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "सुगंधाला कळा लागल्यात. हॉस्पिटलात पोचवून आलेय. मूल आडवं आहे म्हणतात, सहीला नवरा पाहिजे." एवढं सांगून ती आली तशी वाकून निघून गेली.

जयवंत धावला. सही केली, ऑपरेशन झालं, मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्स म्हणाली, "तुमच्या आईने वेळेवर आणलं म्हणून निभावलं." तो मान खाली घालून म्हणाला, "आई नाही. शेजारच्या आहेत आमच्या."

संध्याकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. ती तांदूळ निवडत होती.

"शांताबाई, माझं चुकलं."

"काय चुकलं? धुणीभांडी करतेच की मी." तिचे हात थांबले नाहीत. "फक्त तुमच्याकडे कधी केली नाहीत, जयवंतराव."

इतकी वर्षं ती त्याला अरेतुरे करायची. त्या 'राव'ने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या मंगळवारी त्याने चंद्रप्रकाशशेठना गाठलं. "त्या दिवशीच्या बाईबद्दल मी खोटं बोललो. उपाशी होतो तेव्हा तिने आमची पोरं जगवली." शेठना कुठली बाई तेच आठवेना. "बरं बरं, रांग बघ," म्हणाले. जयवंतने बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि टेकडी उतरला. तरी मनावरचं ओझं काही उतरलं नाही.

सुगंधा घरी आली. शांताबाई रोज येऊन बाळाला न्हाऊ घालायची, पण झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. शेवटी जयवंतनेच बायकोला सगळं सांगितलं.  सुगंधाने बाळाला उचललं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसली. दोघी काय बोलल्या, हे विचारायचं त्याचं धाडस पुढे कधीच झालं नाही.