मी गावाला कावीळ सांगितली

"क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि कागदावर लिहूनही दिलं. मग साध्या मराठीत सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर आहे, पण सावकाश चालणारा. रोज गोळी घ्यायची. गोळी चुकवू नका, तपासण्या चुकवू नका. बरेच लोक याच्यासोबत वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतात."

मी विचारलेला पहिला प्रश्न जगण्या-मरण्याचा नव्हता. मी विचारलं, "मॅडम, हे गावात कळवावं लागतं का?"

हे लिहिताना आजही कान तापतात. तुमच्यापैकी कुणाच्या हातात नुकताच असा कागद पडला असेल, तर माझी फजिती आधी वाचा, म्हणजे तुमची वाचेल.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. दिवाळीनंतर अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायला लागलं. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, बनियन घामानं भिजायचं, पॅन्ट कमरेवर राहीना. जिंतूरला रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की लॅबवाल्यानं दुसऱ्यांदा रक्त काढलं. तिथून संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं बोन मॅरो झाली, म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात. बीसीआर-एबीएल नावाची तपासणीही झाली. रक्तातलं बिघडलेलं जनुक किती आहे ते तिच्यात कळतं, आणि औषध लागू पडतंय की नाही हेही पुढं त्यावरूनच पाहतात. बरगडीखालचं जड म्हणजे सुजलेली प्लीहा होती.

माझी मुलगी प्रतीक्षा तेव्हा एम.एस्सी. करून घरी आलेली. मानवतकडचे पाहुणे तिला बघून गेले होते. आमच्याकडं पाहुणे घरी चहा पिऊन गेले की खरी चौकशी नंतर सुरू होते. किराणा दुकानात, बसस्टँडवर, न्हाव्याकडं कुणीतरी सहज म्हणून विचारून जातं, घरात काही आजारबिजार? हा आजार आईबापाकडून लेकरांत उतरत नाही, असं मॅडमनी मला दोनदा सांगितलं होतं. पण न्हाव्याला ते कोण समजावणार? रक्ताचा कॅन्सर म्हटलं की लोक लेकीच्या रक्ताकडं बघणार.

म्हणून मी कावीळ सांगितली. कावीळ हा अब्रूदार आजार आहे. येते, जाते, कुणी वाईट बोलत नाही. बायकोला खरं माहीत होतं. प्रतीक्षालाही मी कावीळच सांगितली.

एक गोष्ट माझ्या हुशारीच्या ध्यानात आली नाही. आमच्या गावात कावीळ झालेला माणूस मुंजाजीआबांच्या हातून सुटत नाही.

मुंजाजीआबा सत्तरीचे. कसल्याशा पाल्याचा रस ताकात घालून रविवारी आणि बुधवारी उपाशीपोटी देतात. वडिलांपासून चालत आलेलं काम. पैसा घेत नाहीत, रोग्याच्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत, आणि रोग्यानं औषध घेईपर्यंत स्वतः तोंडात पाणी घालत नाहीत. तिसऱ्याच दिवशी झाकलेला तांब्या घेऊन ते दारात उभे.

"गुरजी, माझ्या नातवाला तुमी वाचायला शिकवलं. तुमाला माझ्या दारी बोलवायचं बरं दिसत न्हाई. मीच आलाव." मग त्यांनी विचारलं, "दवाखान्याची कोणती गोळी चालू हाय का?"

"नाही," मी म्हणालो. प्रतीक्षा शेजारीच उभी होती.

मी प्यालो. नको म्हटलं तर कावीळ खोटी ठरली असती. एकदा नाही, सहा वेळा प्यालो. वर आबांचं पथ्य! तेल नाही, मीठ नाही, हळद नाही. "पप्पा एकट्यानं अळणी कसं खातील," म्हणून प्रतीक्षाही माझ्यासोबत तेच खायची. मी तिच्याकडं बघत बिनमिठाचं वरण गिळायचो आणि नंतर मोरीत जाऊन गोळी घ्यायचो. एवढा शिकलेला माणूस असं का वागला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. लाज, दुसरं काही नाही.

महिनाभरानं आरशात डोळे पिवळे दिसले. खरीखुरी कावीळ! लघवी गर्द, अंगाला खाज. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, पुष्कळ वर गेला होता. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "दुसरं काय घेताय?" मला सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "टीबीच्या गोळ्यांसारखी ही गोळी कधी कधी एकटीसुद्धा यकृताला त्रास देते," त्या म्हणाल्या. "त्यात तुम्ही काय घातलंत ते मला कसं कळणार? कुणी काहीही दिलं तरी आधी मला विचारायचं." कॅन्सरची गोळी काही आठवडे बंद ठेवावी लागली. तेवढ्यात बीसीआर-एबीएल पुन्हा चढलं.

मी आठ दिवस दवाखान्यात राहून गावी आलो, तेव्हा गावानं आपला निकाल लावलेला होता. आबांचं औषध उलटलं. गुरजी मरता मरता वाचले. म्हातारा भलतंच पाजतो. दोन रविवार आबांच्या अंगणात कुणी फिरकलं नाही. मला हे बायकोनं सांगितलं आणि ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हणालो, "सोयरीक जुळू दे, मग बघू."

तसे दोन महिने गेले. आबा रस्त्यात दिसले की मी सायकल दुसऱ्या बोळात घालायचो.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात आम्ही नेहमीचे पाच-सहा जण एका बाकावर भेटतो. या आजाराबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं या बाकावर कळलं, आणि त्यातलंही जास्त कौसाबाईकडून. कौसाबाई ऊस तोडायला जातात. गोळी जेवणाच्या मधोमध घ्यायची, वर मोठा गिलास पाणी, म्हणजे मळमळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. पायाला गोळे आले, डोळ्याखाली सूज आली तर घाबरून गोळी सोडायची नाही, इथं येऊन विचारायचं, हेही त्यांचंच. फडात त्यांच्या मोबाईलचा गजर वाजला की सगळी टोळी ओरडते, "कौसे, गोळी!" मुकादमापासून लेकरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी पूर्ण्याचा, रेल्वेत नोकरीला असलेला एक तरुण माणूस नव्यानं आला होता. हातात तोच कागद. रडून डोळे सुजलेले. कौसाबाईंनी त्याला माझ्या शेजारी आणून बसवलं. "गुरजी, तुमी शिकलेले हाव. ह्याला नीट समजून सांगा."

मी गोळी सांगितली, तपासण्या सांगितल्या. मग तो म्हणाला, "सर, घरी काय सांगू? तुमी काय सांगितलं?"

कौसाबाई ऐकत होत्या. मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि जिन्यात जाऊन रडलो. परत येऊन त्याला सगळं सांगितलं, आबांसकट. कौसाबाई म्हणाल्या, "तुमी वाचलाव गुरजी. त्या म्हाताऱ्याचं काय?"

एस.टी.तून उतरून मी घरी न जाता आबांकडं गेलो. ते अंगणात दोरी वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी मी तुमाला इख पाजलं."

"नाही आबा. तुम्ही विचारलं होतं. मी खोटं बोललो."

"येकच गोष्ट सांगायची व्हती, गुरजी. गोळी चालू हाय म्हनून. मी तांब्या घेऊन माघारी गेलो असतो. बापानं शिकवलंय मला, दवाखान्याचं चालू असलं की आपलं बंद." त्यांनी पुन्हा दोरी हातात घेतली. "दोन महिने मला झोप न्हाई. हात चुकला का, पाला चुकला का, इचार करायलाव. आता मला सांगून काय उपेग? गावाला सांगा."

आधी प्रतीक्षाला सांगितलं. तिला कॅन्सरपेक्षा खोट्याचा राग आला. "मी महिनाभर तुमच्यासोबत अळणी खाल्लं, पप्पा. माझ्याशीसुद्धा?" दोन दिवस ती वेगळी जेवली. मग तिनंच पाहुण्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. "बरंच झालं," असं ती म्हणते, पण फोन वाजला की तिच्याआधी माझी नजर तिकडं जाते.

शनिवारी मारुतीच्या आरतीनंतर माईक मागून घेतला. त्याच माईकवरून मी शाळाप्रवेशाच्या सूचना देतो. मला रक्ताचा कॅन्सर आहे, मी त्याची गोळी घेतो, आबांनी विचारलं तेव्हा मी ते लपवलं, चूक माझी. एवढंच बोललो. कुणीतरी खोकलं. मग लोक चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळीच आबांच्या ओसरीवर जाऊन बसलो. आबा आत पाला वाटत होते. बऱ्याच वेळानं शेजारच्या गावचा एक माणूस बायकोला घेऊन आला. बाईचे डोळे हळदीसारखे पिवळे. आबांनी तांब्या हातात धरूनच विचारलं, "दवाखान्याची कोणती गोळी चालू हाय का?"

"न्हाई," नवरा म्हणाला. बाई खाली बघत होती.

"गुरजीबी न्हाईच म्हनले व्हते," आबा म्हणाले.

त्या दोघांनी माझ्याकडं पाहिलं. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. तरी मी म्हणालो, "खरंय. मी खोटं बोललो होतो. हे डोळे तुमच्यासारखेच पिवळे झाले होते."

बाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. मग पदराआडून पिशवी काढली आणि टीबीच्या गोळ्यांचं पाकीट ओसरीवर ठेवलं.

आबांनी तांब्या माघारी आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "जिंतूरची बस साडेनवाला हाय, माय. आजच जा. ज्या डॉक्टरनं ह्या गोळ्या दिल्या त्याला डोळे दाखीव."