जिभेखालचं द्राक्ष

दवाखान्यात राहून आलेल्या बाईला आमच्या आष्ट्यात कुणी गप्प बसू देत नाही. मी तर तान्हं पोर घेऊन सांगलीला राहून आले. तेव्हापासून पाणवठ्यावर धुणं थोडं आणि किस्सेच फार!

बाळाच्या जिभेखाली जन्मापासून बारीक गाठ होती. वाढत वाढत द्राक्षाएवढी झाली. दोन घोट दूध प्यायलं की बाळ धापा टाकायचं. सासूबाईंचं निदान मात्र तयार! "पोटुशी असताना द्राक्षं मागितलीस. थंड असत्यात म्हणून मी दिली न्हाईत. डोहाळा जाऊन जिभंखाली बसला बग!"

सांगलीच्या तरुण डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. "साधी गाठ आहे, आत पाणी आहे. कॅन्सर नाही. पण अशी गाठ मी आजवर पुस्तकातच वाचली होती."

सासूबाई म्हणाल्या, "मग कापायची कशी, ते वाचलंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर होणारी दहा-बारा पोरं गाठ बघायला खाटेभोवती जमली. सासूबाई कडाडल्या, "रिकाम्या हातानं बाळ बघायला येत्यात व्हय? काय रीत हाय का न्हाई!"

पोरं पळाली. संध्याकाळी एकजण गुपचूप टोपडं ठेवून गेला!

ऑपरेशन झालं. सासूबाईंनी दारातच विचारलं, "निघालं का द्राक्ष?"

डॉक्टर वैतागले. "आजी, डोहाळ्यांनी गाठ होत नसते! खुळ्या समजुती आहेत या." सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं लेक्चरच दिलं त्यांनी.

मग दूध पाजून बघायला सांगितलं. बाळ प्यायला लागलं ते थांबेचना. धाप नाही, काही नाही! मला रडूच फुटलं.

"रडतीस काय? दुसऱ्या अंगाला घे त्याला!" सासूबाई ओरडल्या. पदरानं डोळे मात्र त्याही पुसत होत्या.

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर एस.टी.ची वाट बघत उभ्या होतो. समोर द्राक्षांच्या गाड्याशी आमचे डॉक्टर! स्कूटरजवळ त्यांची बायको, सातवा महिना तरी असेल.

सासूबाईंनी इकडूनच हाक मारली, "दाक्तर, द्राक्षं थंड असत्यात बरं का!"

डॉक्टरांनी वळून बघितलं नाही. गाडेवाल्याला म्हणाले, "आणखी एक किलो टाक."