घाटात बदललेल्या कॉइलच्या वायरी

भूत, पिशाच्च, करणी... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. करंट येत नसेल तर वायर कुठंतरी तुटलेली असते, एवढीच माझी श्रद्धा. हा किस्सा आजवर बऱ्याच जणांना ऐकवला, पण नेहमी अर्धाच. त्यातला माझा भाग मी गाळतो. आज दोन्ही भाग लिहितोय.

औरंगाबादला — तेव्हा शहराचं नाव तेच होतं — जालना रोडच्या मागच्या गल्लीत गफूर उस्तादांचं गॅरेज होतं. त्यांचे वडील जहागीरदारांच्या मोटारी सांभाळायचे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, मोटारी विकल्या गेल्या, हुनर तेवढं घरात राहिलं. उस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे ठोका चुकवतोय, ते सांगायचे. वायरीच्या जोडावर टेप कधीच नाही. आधी सुती दोरा, वर मेणबत्तीचं मेण. "टेप धूप में छूट जाती, धागा नई छूटता," म्हणायचे. आमच्या घरी मेंढरं, मोटारीला हात लावणारा मी पहिलाच. माझ्या हातात टेस्टर दिला तो त्यांनी.

कन्नडकडच्या एका देशमुख साहेबांची जुनी इंग्लिश टू-सीटर होती, उघड्या टपाची, गडद हिरवी. साहेब तिला लेकीसारखी जपायचे. एकदा तिला नवी बॅटरी बसवायची होती. साहेब समोरच्या हॉटेलात चहाला बसले, उस्ताद दुपारच्या नमाजाला निघाले. जाताना मला म्हणाले, "विलास, मैं आए तक हात नको लगा."

पण मला शहाणपणा सुचला. शेकडो गाड्यांना बॅटरी जोडलेली... मायनस बॉडीला, प्लस स्टार्टरला, त्यात काय विचारायचं! त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांना उलटं असायचं, प्लस बॉडीला. बघायला दोन मिनिटं पुरली असती. मी बघितलं नाही. भसकन धूर निघाला, डायनामो जळाला.

साहेब चहा टाकून धावत आले. "कोणी जोडली ही?"

मी म्हणालो, "उस्तादांनी. त्यांना हल्ली नीट दिसत नाय, साहेब."

साखरेच्या आजारानं उस्तादांची नजर खरंच उतरली होती, म्हणूनच माझं खोटं लगेच खपलं. मान वर केली तर उस्ताद दारात उभे होते. साहेब त्यांना नको नको ते बोलले. उस्तादांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हौ साहब. मेरे से हो गया."

बात गावभर झाली. गफूरला दिसत नाही, गाडी देऊ नका. वर्षभरात उस्तादांनी गॅरेजला येणं बंद केलं, आणि गॅरेज मी चालवायला लागलो. त्यांच्या घरी ईदला जायचो, शीरखुर्मा खाऊन यायचो. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. पुढं ते गेले. जनाज्याला मी खांदा दिला, माझ्या हातानं मिट्टी दिली.

त्यानंतर तीन वर्षांनी साहेब तीच गाडी घेऊन आले. मधल्या काळात पुण्यात कोणीतरी तिची वायरिंग आजच्या पद्धतीनं, मायनस बॉडीला, करून दिली होती. तेव्हापासून इंजिन तापलं आणि चढ लागला की गाडी मिसिंग मारायची. मी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. सपाट रोडवर चालवून बघितली आणि ओके म्हणून दिली.

चार दिवसांनी साहेब परत आले. खुशीत होते.

"अरे विलास, काल तुझे उस्ताद भेटले की!"

साहेब सांगत होते — वेरूळला निघालो होतो, भर दुपारी दौलताबादच्या घाटात गाडी बंद पडली. कठड्यावर उस्ताद बसले होते, तोच जाड चष्मा. उठून आले, बॉनेट उघडायला लावलं, स्टार्टर मारायला सांगितला, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकलं. मग कॉइलच्या दोन वायरी काढून एकमेकींच्या जागी लावल्या. म्हणाले, बॅटरी पलटाए तो कॉइल बी पलटाना था. गाडी एका दमात घाट चढली.

"अन् वर काय म्हणाले माहितीय? उस बखत गलती मेरी थी साब, लड़के का कसूर नई, काम उसी को देओ. लई मोठ्या मनाचा माणूस रे!"

मी बॉनेट उघडलं. कॉइलच्या वायरी खरंच बदललेल्या होत्या. आणि तेच बरोबर होतं. बॅटरीची दिशा बदलली की कॉइलचीही बदलावी लागते, नाहीतर ठिणगी कमजोर पडते. मला ते सुचलंच नव्हतं. जोडावर पांढरा नवा दोरा होता, वर मेण.

"मी त्यांना फार वाईट बोललो होतो रे," साहेब म्हणाले. "चल, घर दाखव त्यांचं. माफी मागू दे मला."

"साहेब, उस्ताद नाहीत. तीन वर्षं झाली."

ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून खालीच बसले. म्हणाले, "मग जिथं आहेत तिथं ने."

कबरस्तानात साहेबांनी बूट काढले, हात जोडले. "उस्ताद, चूक कोणाच्याही हातून होते. माझ्या मनात आता काही नाही. तुम्ही मला माफ करा."

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एकच वाक्य बोलायचं होतं. बॅटरी मी जोडली होती, साहेब. तोंडापर्यंत आलं... आणि मी गिळलं. माझी लाज वाटते मला.

घाटातला माणूस कोण होता, मला आजही माहीत नाही. दुसरा कोणी मेकॅनिक असेल म्हणावं, तर त्या दिवसाचं त्याला काय ठाऊक? साहेबांना भास झाला म्हणावं, तर दोरा मी बोटांनी चाचपला होता.

साहेबही आता राहिले नाहीत. उस्तादांचा मुलगा बायजीपुऱ्यात राहतो, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. अब्बांच्या नजरेनं दगा दिला आणि धंदा गेला, असंच तो अजून समजतो. रस्त्यात भेटला की विलासभाई म्हणून गळ्यात पडतो. हे सगळं त्याला सांगायला हवं, मला कळतं. इथं इंटरनेटवर मला कोणी ओळखत नाही, म्हणून इथं लिहिलं.